तीन खांब

किल्ली घे, शूहेइ. थंडीत गाडी जरा कुरकुरते,
तिला दोन मिनिटं दे.
नुसती समोरची काच पुसून निघू नकोस,
मागची पूस, आरसे पूस, टपावरचा बर्फही पाड.
उतारावर तो सुटला की मागच्याच्या अंगावर जातो,
आणि मागच्याला दर वेळी छप्पर असतंच असं नाही.

टोफूचे ट्रे मी बांधलेत. सांडले तर सांडू देत.
सांगायचंय ते दुसरंच.

सव्वासातला, सफरचंदाच्या बागा संपतात तिथे
तुला आधी आवाज येईल: खुळखुळ, खुळखुळ.
चाकांना साखळ्या बांधलेली लाल मोटरसायकल,
तिच्यावर टपालवाली नारिताबाई.
मागच्या पेटीत पेन्शनचे कागद, कुणाची औषधं,
टोकियोतल्या मुलांनी पाठवलेली नव्या वर्षाची कार्डं.
वीसच्या वर ती जात नाही.
दोन्ही पाय जमिनीकडे सोडलेले असतात,
चालायला शिकणाऱ्या पोरामागे आईचे हात असतात ना,
पडायच्या आधीच पुढे झालेले, तसे.

तुला वाटेल, काढावी पुढे. रस्ता तर रिकामाच आहे.
मलाही वाटलं होतं.

सात वर्षं झाली. नुकताच कापलेला माल, उशीर झालेला,
मी हॉर्न दिला आणि घेतली उजवीकडून.
धक्का लागला नाही. खरं सांगतो, नखाएवढाही नाही.
फक्त माझ्या चाकांनी उडवलेला बर्फाचा राडा
ओल्या पोत्यासारखा तिच्या छातीवर बसला.
आरशात पाहिलं तेव्हा मोटरसायकल आडवी,
चाक अजून फिरतंय,
आणि पांढऱ्यावर पांढरी पाकिटं
जिकडेतिकडे.

मी धावलो. ती मला काहीच बोलली नाही.
एक मनगट पोटाशी धरून दुसऱ्या हाताने पत्रं वेचत राहिली.
मग आम्ही दोघं याच गाडीत बसलो, हीटर लावून,
एकेक पाकीट डॅशबोर्डवर वाळवत.
शाई ओघळली होती एकाचीच.
ते उजेडात धरून ती म्हणाली,
"हे कुणाचं, ते मला वळणावरून कळतं.
पण घाबरल्यावर ब्रेक दाबायचा नसतो,
हे हाताला कळत नाही."

तेव्हापासून तीन खांब.
रस्त्याची कड कळावी म्हणून वर लाल-पांढरे बाण लटकवलेत ना,
त्या खांबांनी मोज. तिच्या-आपल्यात तीन. वारा असला तर पाच.
पुलावर आणखी, पुलाला खालूनही थंडी वाजते.
ती एकदम मध्ये सरकली तर डोकं फिरलेलं नसतं तिचं,
कडेला काच धरलेली असते.
तुला इतक्या उंचावरून ती दिसायची नाही.

मागच्या फेब्रुवारीत वारा जमिनीवरून उठला.
आभाळातून काही पडत नव्हतं, पडलेलंच परत उठत होतं.
आधी बॉनेट दिसेनासं झालं, मग वायपर.
मी थांबलो. काच खाली केली.
खुळखुळ बंद.
किती वेळ, कोण जाणे.
तो आवाज येईस्तोवर चाक हलवायचं नाही, एवढंच डोक्यात.
वारा दम खायला थांबला तेव्हा दिसलं:
खांबापाशी ती उतरून उभी, हँडल धरून,
माझ्याकडे पाठ.
मागचा दिवा बर्फाने थापलेला.
आमच्यात दोन खांब आणि थोडं.

तिने वळूनही पाहिलं नाही.
मी मागे आहे हे तिला ठाऊक होतं का,
ते मी कधी विचारलं नाही.

दहा मिनिटं उशीर होईल.
शाळेच्या स्वयंपाकघरातल्या कासाईबाई फणफणतील.
त्यांना म्हणावं, टोफू पाण्यातच बसलेला असतो,
त्याला कसली घाई.

नीघ आता. काच बोटभर उघडी ठेव.
कान गार पडतील.
पडू देत.